कोटफेरीची सून

"पळायचं नाही. पळाली का हरली," आत्याबाई म्हणाल्या. "अन् नाही म्हणायचं नाही. समोर येईल ते खायाचं."

"सगळं?"

"सगळं. तुह्या माहेरच्या बायका हायेत त्या. हात आखडून वाढत नाहीत, हे मी तुह्या लग्नातच पाहिलं."

करीचा दिवस होता, म्हणजे संक्रांतीचा दुसरा. सूर्य उगवायला थोडा अवकाश होता आणि मी खैरबोडीच्या टोकाला, कोटाच्या पायथ्याशी, नवी साडी नेसून कुडकुडत उभी होते. पोटात अन्नाचा कण नव्हता. ऐन संक्रांतीच्या दिवशी संध्याकाळी माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनीच, मला पानावरून उठवलं होतं. "उद्यासाठी जागा ठेव," म्हणाल्या. सासुरवास म्हणजे काय, हे तोवर मी नुसतं ऐकून होते.

खैरबोडी माझं सासर आणि आंभोरी माझं माहेर. या गावापासून त्या गावापर्यंत मातीचा एक जुना तट गेला आहे, धनुष्यासारखा वाकलेला, तीन पुरुष उंच. त्यालाच आम्ही कोट म्हणतो. बाहेरच्या अंगाला खंदक आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि ढिवर लोक शिंगाडे लावतात. कोट कोणी बांधला हे कोणालाच ठाऊक नाही. आंभोरीवाले म्हणतात, राजाने. खैरबोडीवाले म्हणतात, एका राक्षसाने एका रात्रीत बांधला, आणि आंभोरीकडे पोहोचेपर्यंत तो दमला, म्हणून तिकडचं टोक बुटकं राहिलं. एकदा शहरातून कोणी साहेब आले होते. त्यांनी मातीतून खापरं वेचली आणि ती दोन हजार वर्षांपूर्वीची असल्याचं सांगितलं. "म्हंजे तवाही सुना मडकी फोडतच होत्या," आत्याबाई म्हणाल्या होत्या.

कोटाच्या माथ्यावरून पायवाट जाते आणि तिच्या दोन्ही कडांना सीताफळं, बोरी, चिंचा माजल्या आहेत. ही झाडं कोणाची, यावरून पूर्वी दोन्ही गावांत दरवर्षी मारामारी व्हायची. दोन्ही टोकांकडून एकेक गडी पळत निघायचा. जिथे भेटतील तिथे शीव ठरायची, आणि शीव ठरायच्या आधी दोघांची डोकी फुटायची. शेवटी कोण्या शहाण्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, की गडी नकोत. दोन्ही गावांत त्या वर्षी आलेली सगळ्यांत नवी सून करीच्या दिवशी आपापल्या टोकाकडून चालत निघेल. गाठ पडेल तिथे दगड रोवायचा. दगडाच्या अलीकडची झाडं आपली, पलीकडची त्यांची, वर्षभर. सुना डोकी फोडणार नाहीत, अशी त्या म्हाताऱ्यांची समजूत. करीच्या दिवशी शुभकार्य करत नाहीत, त्यामुळे या असल्या कामाला सगळे मोकळे असतात.

म्हाताऱ्यांनी एवढंच ठरवलं होतं. पुढचे नियम बायकांनी घातले. या गावच्या बायकांनी त्या सुनेच्या वाटेत जाऊन बसायचं आणि त्या गावच्या बायकांनी या सुनेच्या. एकीने एकदाच अडवायचं. अडवलं की सुनेने बसायचं, वाढतील ते खायचं, सांगितलं की नाव घ्यायचं, आणि प्रत्येक वेळी नवा उखाणा. पान रिकामं झालं की वाढणारीने कुंकू लावून "ये" म्हणायचं, मगच उठायचं. पान रिकामं होऊ द्यायचं की नाही, हे मात्र वाढणारीच्या हातात. यालाच आमच्याकडे कोटफेर म्हणतात.

त्या वर्षी खैरबोडीची नवी सून मी होते. आणि आंभोरीची नवी सून होती वच्छला, माझ्या सख्ख्या भावाची बायको. माझं लग्न झालं आणि पंधरवड्यात दादाचं झालं. मी उठून आलेल्या पाटावर ती बसली, म्हणा ना.

"ध्यान कुठं हाय तुह्यं?" आत्याबाईंनी माझा पदर ओढून सारखा केला. "खोबऱ्याच्या पुढं जायचं. खोबऱ्याच्या अलीकडं गाठ पडली, तं घरी येऊ नको."

त्यांच्या बोलण्यात हे "घरी येऊ नको" दिवसातून चारदा यायचं, त्यामुळे मी ते मनावर घेत नसे. पण खोबऱ्या मनावर घेतला होता. खोबऱ्या हा लोणच्याचा आंबा. कोटाच्या साधारण मध्यावर आहे, पण जरासा आंभोरीच्या बाजूला. कैरी फोडली की आतून खोबऱ्यासारखी पांढरी आणि करकरीत. चार वर्षं मुरली तरी फोड मऊ पडत नाही. हे झाड गेली कितीतरी वर्षं आंभोरीकडेच राहिलं होतं. ते शेवटचं खैरबोडीकडे होतं तेव्हा आत्याबाईंनी घातलेलं लोणचं अजून घरात होतं. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत उंच फळीवर, चिनी मातीच्या पिवळट बरणीत, झाकणाला फडकं बांधून. आठ दिवस ताप असल्याशिवाय त्या बरणीतली फोड कोणाच्या पानात पडत नसे. माझे यजमान, शालिकराव, एकदा नुसते शिंकले आणि आशेने फळीकडे पाहू लागले, तर आत्याबाईंनी त्यांना सुंठीचा काढा दिला.

लग्न होऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ती बरणी पुसायला घेणार, तोच मागून आवाज आला होता, "हात लावू नको. आंभोरीची हायेस. मसाला हुंगशील अन् माहेरी सांगशील."

त्या घरातल्या एकूणएक वस्तूवरून माझा हात फिरला होता. चूल मी सारवत होते, गाईचं दूध मी काढत होते, कणगीतले तांदूळ मी काढत होते. फक्त बरणी नाही. तिच्याखालून जाताना दर वेळी मला वाटायचं, मी इथे पाहुणी आहे. मला लोणचं नको होतं. मला ती बरणी उतरवून, पुसून, पुन्हा फळीवर ठेवायची होती आणि कोणी "हात लावू नको" म्हणायला नको होतं. शेवटी धीर करून एकदा विचारलंच, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "खोबऱ्या आणून दे. मंग पाहू."

आता खोबऱ्या आणायला मी उभी होते.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी मला शेजारी बसवून विचारलं होतं, "तुह्या वहिनीले काय आवडते?"

सांगितलं तर माहेराशी दगा, न सांगितलं तर सासरशी. शेवटी खरं होतं ते सांगितलं. "मागच्या हप्त्यात दादा आला होता. म्हणे, धड जेवतच नाही. नुसत्या चिंचा चोखत राहते."

आत्याबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "चिंचा?"

"हो."

"बरं," एवढंच म्हणून त्या उठल्या. माझ्या माहितीचा काही उपयोग झाला नाही, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

पलीकडच्या तुरीच्या शेतातून सूर्याची कड वर आली. आत्याबाई डोक्यावर भली मोठी पाटी घेऊन, वर फडकं झाकून, खालच्या गाडीवाटेने केव्हाच पुढे गेल्या होत्या. त्यांना वच्छलेला अडवायचं होतं. शालिकराव मला चढापर्यंत सोडायला आले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "एक सांगू का? ढेकर देऊ नको. त्यायले समजते, जागा झाली म्हणून."

संसारात नवऱ्याचा इतका उपयोगी सल्ला मला पुढे फारसा मिळाला नाही.

मी कोटावर चढले. वर थंड वारा होता. खाली एका अंगाला जवसाची शेतं निळ्या फुलांनी भरलेली, दुसऱ्या अंगाला खंदकातलं उरलंसुरलं पाणी. पायवाट जेमतेम एका माणसाची, हजारो पायांनी खोल गेलेली. बोरीचे काटे पदर धरत होते. लहानपणी याच वाटेवर, पण त्या टोकाकडून, मी बोरं वेचत हिंडले होते. खैरबोडीच्या बाजूला गेलो तर तिकडची माणसं धरून ठेवतात, असं आई सांगायची. आईचं खरं झालं होतं. मी भराभर पावलं टाकू लागले. कोट वळत वळत जातो, त्यामुळे पुढचं काही दिसत नाही. पहिलं वळण घेतलं आणि सीताफळाच्या सावलीत चटई टाकून गिरजामावशी बसलेली दिसली.

गिरजामावशी म्हणजे माहेरची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. मी चालायला शिकले ती तिच्या अंगणात.

"ये वो माय," ती म्हणाली. "किती सुकली पोरगी. सासरी खायाले देत नाहीत काय?"

"काल संध्याकाळपासून नाही दिलं," मी म्हणाले. खरंच होतं ते.

तिने घारग्यांची चळत पुढे ठेवली. लाल भोपळ्याचे, गुळाचे, अजून कोमट. पहिले दोन मी भुकेने खाल्ले, तिसरा चवीने, चौथा नियमाने. पाचवा पानात पडला तेव्हा मी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे दयामाया नव्हती.

"नाव घे," ती म्हणाली.

"जवसाच्या शेतात निळं निळं फूल,
शालिकरावांच्या घरी पेटवली नवी चूल."

"वा," म्हणून मावशीने सहावा वाढला. "अजून एक घे. गोड गळा हाय तुह्या."

माझा गळा कधीच गोड नव्हता. मी दम घेतला.

"बोरीच्या झाडाला बोरं आली फार,
शालिकरावांचं नाव घेते, मावशी, आवरा तुमचा पाहुणचार."

मावशी खो खो हसली. हसताना तिचा वाढता हात थांबला, तेवढ्यात मी सहावा घारगा तोंडात कोंबून पान पालथं केलं. "अशी चाबरी पहिलेपासूनच," म्हणत तिने माझ्या कपाळाला कुंकू फासलं. "ये."

पुढच्या वळणावर दोघी जणी होत्या, आंभोरीच्या ढिवरवाड्यातल्या सासू-सुना. त्यांच्यापुढे उकडलेल्या शिंगाड्यांचं टोपलं होतं. सालासकट. कोणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली होती कोण जाणे, पण तिला नमस्कार. शिंगाडा सोलायला जितका वेळ लागतो तितका खायला लागत नाही, आणि नखं काळी होतात ती वेगळीच. दोघी हात बांधून बसल्या. "घाई नाही आमाले," सासू म्हणाली.

मी एक सोलला, खाल्ला. दुसरा सोलला, खाल्ला. सूर्य तुरीच्या वर आला. तिकडे वहिनी खोबऱ्याखाली पोहोचली असेल, असं मनात आलं आणि शिंगाडा घशात अडकला. मग सुचलं. तिसरा सोलला आणि म्हातारीच्या तोंडापुढे धरला. "माहेरची माणसं भेटली अन् मी एकटीच खाऊ? हा घास माह्या हातचा."

करीच्या दिवशी लेक घास भरवते म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? म्हातारीने तोंड उघडलं. मग तिच्या सुनेने. मी सोलत गेले आणि भरवत गेले. म्हातारीला दात नव्हते, ती एकेक शिंगाडा घोळवत बसली. थोड्या वेळाने तिनेच माझा हात धरला. "पुरे वो बाई. मलेच जड झालं." कुंकू लावून घेऊन मी निघाले तेव्हा मागून सुनेचं हसू ऐकू येत होतं.

आता पोट तट्ट झालं होतं आणि चाल मंदावली होती. कोटाचा हा भाग उंच आहे. वाटेच्या मधोमध एक जुनी चिंच आहे. तिच्याखाली कोण बसलेलं असणार, हे मला घरातून निघतानाच माहीत होतं, आणि तरीही दिसल्याबरोबर डोळे भरून आले.

आई बसली होती. दसऱ्यानंतर मी तिला पाहिलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली. समोर सांभारवडीचा डबा होता. वडीतल्या कोथिंबिरीचा वास चिंचेखाली दरवळत होता. आईने वडी वाढली नाही. आधी माझी वेणी सोडली. पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि माझ्या मागे येऊन बसली.

"आई, वेळ जाते."

"जाऊ दे. केसं पाह्य किती रुखे झाले."

"आई, तू मले अडवून राहिली."

"मंग? मी आंभोरीची हावो. माह्यं कामच हाय ते." तिची बोटं माझ्या डोक्यावरून फिरत होती. मला उठावंसं वाटेना. खोबऱ्या गेला खड्ड्यात, असं अगदी आतून वाटलं. इथेच बसावं, वड्या खाव्या, संध्याकाळी आईचं बोट धरून बुटक्या टोकाने घरी जावं.

"सासू कशी हाय?" आईने मागून विचारलं.

"चांगली हाय."

"मारत-बिरत तं नाही?"

"नाही वो. बोलते फक्त."

"बोलाचं काय, मी का कमी बोलतो वच्छीले?" आईने वेणी घट्ट आवळली. "खा."

मी वडी खाल्ली. तिने दुसरी वाढली. डबा खोल होता आणि आईने तो मांडीशी धरून ठेवला होता. दुसरी संपली की तिसरी, तिसरी संपली की चौथी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाव घे," ती म्हणाली.

घरून निघताना मी चांगले आठ-दहा उखाणे जुळवून आणले होते. त्यातला एकही आठवेना. आईसमोर खोटं सुचत नाही हेच खरं. तोंडातून आलं ते असं आलं:

"उंच फळीवर बरणी, खाली उभी मी,
शालिकरावांचं घर सारं, एवढीच राहिली कमी."

आई थांबली. "कोणती बरणी?"

मी सांगितलं. बरणीचं, हात लावू नको म्हटल्याचं, खोबऱ्या आणलास तर पाहू म्हटल्याचं. सांगताना मला वाटत होतं, आई आत्याबाईंना चार शिव्या घालेल. तिने घातल्या नाहीत. डब्यावर झाकण लावलं.

"एवढ्यासाठी तू शिंगाडे सोलत आली?"

"तुले कसं माहीत?"

"नखं पाह्य तुह्ये." तिने माझ्या कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि आधीच्या दोघींच्या कुंकवावर आपलं कुंकू नीट, गोल लावलं. "माह्या सासूनं मले तीन वर्षं तुपाच्या भांड्याले हात लावू देला नव्हता. ये."

"आई, झाड जाईल तुमचं."

"खोबऱ्या का माह्या बापाचा हाय? ये म्हटलं ना." मग मी उठून चार पावलं गेल्यावर ती मागून म्हणाली, "अन् वच्छी भेटली, तं तिले फार वेळ उन्हात उभी ठेवू नको."

हे काय मधेच, म्हणून मी मागे पाहिलं. पण आई डबा बांधण्यात गढली होती.

मी निघाले. पळायचं नव्हतं, म्हणून पळाले नाही. पण त्या दिवशी मी जशी चालले तसं बाईमाणूस फक्त दूध उतू जाताना चालतं. उतार, मग एक वळण, मग पळसाची रांग, आणि समोर खोबऱ्या. बुंध्याशी कोणी नव्हतं. मी त्याच्या सालीला हात लावला आणि इकडेतिकडे पाहिलं. वारा होता फक्त. वहिनीचा पत्ता नव्हता.

तिथे थांबले असते तर झाड काठावर राहिलं असतं आणि पुन्हा भांडण. मी पुढे गेले. एक वळण गेलं, दुसरं आलं. आता मी अशा जागी होते जिथे खैरबोडीची सून कितीतरी वर्षांत पोहोचली नव्हती. खाली आंभोरीची कौलं दिसू लागली. इतक्यात बोरीच्या जाळीमागून आत्याबाईंचा आवाज आला.

मी पाऊल टाकणार तोच शब्द कानावर पडले आणि मी जागच्या जागी थांबले.

"...भाकर थापते ना, तं तव्याच्या कडेपर्यंत. एका मापाची. मले पन्नास वर्षांत जमली नाही तशी. पण म्या तिले सांगितलं नाही. सांगितलं का बिघडते."

"रागावता म्हणे तुमी तिले," हा वच्छलेचा आवाज. तोंडात काहीतरी असल्यासारखा.

"रागावतो ना. मी रागावली का ते खाली मान घालून हसते. तिले वाटते, म्हातारीले दिसत नाही. मंग मी अजून रागावतो."

मी जाळीमागे उभी होते. घारगे, शिंगाडे, वड्या, सगळं पोटात होतं, पण त्या क्षणी मला अगदी हलकं वाटलं. त्या घरात आल्यापासून इतकी आनंदात मी कधीच नव्हते. मी पुढे झाले.

आणि पाहते तर काय. आत्याबाईंची पाटी जशीच्या तशी होती. तिळाचे लाडू, पोळ्या, वडे, कशालाच हात लागला नव्हता. वच्छला बोरीच्या बुंध्याला टेकून, पाय पसरून बसली होती. तिच्या मांडीत ती पिवळट बरणी होती. झाकण बाजूला पडलं होतं. वच्छला बरणीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा खार बोटाने निपटत होती आणि डोळे मिटून चाटत होती.

आत्ता मिळालेला सगळा आनंद कुठल्या कुठे गेला. आठ महिने मी जिच्याखालून मान वर करून गेले, ती बरणी माझ्या वहिनीच्या मांडीत. आंभोरीच्या सुनेच्या.

"अनसूबाई आल्या," वच्छला मला पाहून म्हणाली आणि ओशाळून हात पदराला पुसू लागली.

मी तिच्याकडे पाहिलंही नाही. "मले हात लावू देला नाही तुमी," मी आत्याबाईंना म्हणाले. त्या घरात आल्यापासून मी वर तोंड करून बोललेलं हे पहिलं वाक्य. "मी मसाला हुंगीन म्हणून. अन् हिले अख्खी बरणी?"

आत्याबाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "बस आधी. दमली."

"मी नाही बसत."

"नको बसू. तूच सांगितलं ना, वहिनी चिंचा चोखते म्हणून?"

"मंग?"

"मंग काय? तुले चिंचा समजल्या. मले समजलं." त्यांनी वच्छलेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "दोन जिवांची हाय ते. लाडू पुढं केला तं हिले उमासे येऊन राहिले. अशा बाईच्या पुढं मी काय बरणीचं झाकण दाबून बसू?"

वच्छला लाजून मातीत रेघा ओढू लागली. मी मटकन खाली बसले. आईचं ते "उन्हात उभी ठेवू नको" आता कळलं. दादाने चिंचांचं सांगताना कान का खाजवला होता, तेही कळलं. मी आत्या होणार होते आणि हे खैरबोडीपासून आंभोरीपर्यंत एका मलाच ठाऊक नव्हतं.

"म्हंजे तुमी तिले अडवायसाठी नाही आणली बरणी?" मी विचारलं.

"अडवायसाठीच आणली," आत्याबाई म्हणाल्या. "दोन्ही कामं झाली. एका फोडीवर उठते म्हणे. म्या म्हटलं, उठशील कशी, पान कुठं रिकामं झालं?"

वच्छला हसली, मग मी हसले. तोवर दोन्ही गावची माणसं खालच्या वाटेने गोळा झाली होती. दगड आणला, रोवला. खोबऱ्या चांगला दोन वळणं आमच्या बाजूला आला होता. खैरबोडीच्या पोरांनी आरोळ्या दिल्या. आंभोरीच्या बायका म्हणाल्या, पोरगी तर आमचीच जिंकली ना.

आत्याबाईंनी बरणी उचलली, आत डोकावून पाहिलं, झाकण लावलं आणि फडक्याची गाठ मारली. मग ती माझ्यापुढे धरली.

"धर. दोन्ही हातांनी धर, तुह्या आजेसासूची हाय."

मी धरली. रिकामी होती, तरी जड होती.

"आता तू भर," त्या म्हणाल्या. "भरील तिचं लोणचं. माह्यं संपलं."

कोटावरून मी ती बरणी कडेवर घेऊन खैरबोडीला परत आले. शालिकराव मधेच म्हणाले, "दे, मी घेतो." मी दिली नाही.

पुढचं ऐकाल तर हसाल. त्या वर्षी खोबऱ्याला मोहरच आला नाही. एक कैरी नाही. गावातल्या सगळ्या बायका झाडाखाली जाऊन माना वर करून आल्या. मी वर्षभर रिकामी बरणी उतरवून पुसत होते आणि पुन्हा फळीवर ठेवत होते, आणि आत्याबाई ओट्यावरून सांगायच्या, "झाकण नीट लाव, हवा जाते." पुढच्या करीला आमच्या गावची नवी सून पहिल्याच वळणावर गप्पांत रमली आणि खोबऱ्या परत आंभोरीला गेला. पण त्या उन्हाळ्यात तो असा लदबदला की फांद्या टेकल्या. एके सकाळी वच्छला कडेवर पोरगं आणि बैलगाडीत पोतं घेऊन दारात उभी राहिली. पोत्यात खोबऱ्याच्या कैऱ्या होत्या. "याच्या आत्याच्या बरणीसाठी," ती म्हणाली. तिथून पुढे दरवर्षी पोतं येत राहिलं, झाड कोणाच्याही बाजूला असो. पहिल्या वर्षी मसाला मीच कालवला. आत्याबाई शेजारी बसून सांगत होत्या, "मीठ कमी. अजून. हात आखडू नको."

आत्याबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बरणी अजून त्याच फळीवर आहे. कोटावर आता पाटी लागली आहे, की ही वास्तू प्राचीन असून तिला धक्का लावू नये. तरी करीच्या दिवशी बायका डबे घेऊन वर जातातच.

गेल्या वैशाखात माझ्या घरी सून आली. बोलकी आहे, शिकलेली आहे, भाताचा अंदाज अजून चुकतो, पण वरणाला हात चांगला आहे. तिला मी हे सांगितलेलं नाही. काल ती स्टुलावर चढली आणि फळीवरच्या बरणीकडे हात नेऊ लागली. मी ओट्यावरून पाहिलं आणि रागावले, "हात लावू नको."

ती खाली उतरली आणि मान खाली घालून हसली. तिला वाटलं, म्हातारीला दिसत नाही.

मग मी अजून रागावले.